एका दिवसाची मजुरी आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन आणि रेशनचीही केवायसी. ज्याला शासनाशी काम आहे त्याने आधी खासगी कंपनीचे रिचार्ज मारावे आणि मग नागरिक म्हणून रांगेत उभे राहावे, असा आजचा कारभार आहे. शासनाचा दरवाजा सर्वांसाठी उघडा आहे असे सांगितले जाते. त्या दरवाजापर्यंतचा रस्ता मात्र टोलचा आहे, आणि या टोलबद्दल कोणी बोलत नाही.

जामनेर तालुक्यातील पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती. येथून जाणारी पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे २०२० मध्ये बंद पडली. अशा गावातल्या मजुराच्या घरी टीव्ही आणि इंटरनेट स्वस्तात कसे येईल, हा वरवर पाहता बाजाराचा प्रश्न आहे. खोलात गेले तर तो सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो.

आधी केबलचे पाहू. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धती लागू झाली. 'जे पाहाल त्याचेच पैसे द्या' असा तिचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात काय झाले? एकही सशुल्क वाहिनी न घेता पहिल्या १०० मोफत वाहिन्यांसाठी १३० रुपयांपर्यंत नेटवर्क शुल्क लागले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १५३ रुपये ४० पैसे झाले. १९ रुपयांच्या पाच वाहिन्या घेतल्या तर करासह आणखी ११२ रुपये १० पैसे. एकूण २६५ रुपये ५० पैसे. सुटी वाहिनी महाग आणि गठ्ठा स्वस्त, अशी रचना कंपन्यांनी केल्यामुळे निवडीचा अधिकार कागदावर राहिला. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या देण्याचा नियम आला खरा. पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरील कमाल मर्यादाच काढून टाकली. स्पर्धा भाव खाली ठेवील, असा त्यामागचा विश्वास. परंतु स्पर्धा कोठे आहे? शहरात तीन-चार पर्याय असतील. खेडेगावात बहुधा एकाच केबलवाल्याची तार असते. तो सांगेल तो गठ्ठा, तो मागेल तो पैसा, आणि पावतीचे नाव नाही. एकच दुकान असलेल्या गावात 'बाजारात फिरून स्वस्त ते घ्या' हा उपदेश करणे म्हणजे गरिबाची थट्टा होय.

इंटरनेटची कथा याहून बोलकी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फुकट डेटा दिला, तेव्हा खेड्यापाड्यांत आनंदीआनंद झाला. फुकटाच्या त्या लाटेत आणि तिच्या मागून आलेल्या दरयुद्धात इतर कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. तीन मोठ्या खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले. बीएसएनएलची देशव्यापी फोर-जी सेवा सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. स्पर्धकाचे पाय बांधून शर्यत लावली, तर निकाल आधीच ठरलेला असतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. एका माणसाचा एक पूर्ण दिवसाचा घाम, आणि वर दोन रुपये!

त्यातही महिना २८ दिवसांचा. पगार बारा वेळा, रिचार्ज तेरा वेळा. २९९ रुपयांचे तेरा रिचार्ज म्हणजे ३,८८७ रुपये. घरात दोन फोन असतील तर ७,७७४. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने किमान एक तरी ३० दिवसांचा पॅक ठेवण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएसचा स्वतंत्र पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. हे नियम किती ग्राहकांना ठाऊक आहेत? अधिकार माहीत नसणे हीच शोषणाची पहिली पायरी असते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न दुसऱ्या रूपात पूर्वीच हाताळला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी आग्रह धरला तो स्वस्त आणि मुबलक विजेचा. कारण विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय शेतीवरचा माणसांचा भार हटत नाही. पुढे १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी त्यांनी मांडणी केली. त्या काळी विजेचे जे स्थान होते, तेच आज इंटरनेटचे आहे.

मग राज्यसंस्थेने काय केले? ऑक्टोबर २०११ मध्ये गावोगावी ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. पण तार ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची, एवढाच मूळ आराखडा. तेथून वस्तीपर्यंत कोण नेणार? गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी, वीज, रस्ता सर्वांत शेवटी पोहोचले, हा आपला अनुभव ताजा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित आराखडा मंजूर झाला. केरळने २०२३ मध्ये के-फोन ही स्वतःची फायबर सेवा सुरू करून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे प्रश्न पैशाचा नसून इच्छाशक्तीचा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, हेही फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीइतकेच याकडेही लक्ष द्यावे. केबलवाल्याकडे पावती आणि छापील दरपत्रक मागावे. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करावी. ज्यांना बातम्या आणि मोजक्या वाहिन्या पुरतात, त्यांनी दरमहा शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिशचा विचार करावा. ग्रामसभेत लेखी प्रश्न टाकावा: भारतनेटची तार गावात कोठपर्यंत आली, चालू आहे का आणि आमच्या वस्तीत केव्हा येणार? विहारात किंवा समाजमंदिरात एक सामाईक जोडणी घेतली, तर दहा-वीस मुलांचा अभ्यास आणि सगळ्या वस्तीचे अर्ज एका बिलात होतात. एकट्याने दुकानदाराशी घासाघीस करून फारसे हाती लागत नाही. वस्ती एकत्र गेली की दर बदलतो. संघटित व्हा हा मंत्र मोर्चापुरता नाही, घरखर्चाच्या हिशेबालाही तो लागू पडतो.