घरचा अहेर

शेजारच्या जातीचे वाभाडे काढणारा लेख छापला की 'निर्भीड पत्र' म्हणून आमची पाठ थोपटली जाते. तीच लेखणी पाठ थोपटणाऱ्याच्या समाजाकडे वळली की तेच गृहस्थ अंक बंद करण्याची भाषा बोलू लागतात. याचे आम्हांस आता नवल वाटत नाही. नवल एवढ्याचेच की, लिहिलेले खोटे आहे असे अशा पत्रांत क्वचितच म्हटलेले असते. लिहिणारा कोण, कोणत्या गावचा, कोणाच्या चिथावणीने लिहितो, याचीच चौकशी अधिक.

टीकाकार परका असला तर त्यास द्वेष्टा म्हणून मोकळे होता येते. घरचा निघाला की राग दुणावतो. आगरकर जन्माने ब्राह्मण. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले तेव्हा पुण्याच्या ब्राह्मणांची विटंबना झाल्याची ओरड झाली आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबविले. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी क्रौर्य कसे पोसते, हा तेंडुलकरांचा विषय. चर्चा मात्र झाली नाना फडणविसांच्या अब्रूची.

पुण्यास हसण्याचे कारण गोमंतकीयांस उरलेले नाही. विष्णू सूर्या वाघ यांचा 'सुदिरसूक्त' हा कोकणी काव्यसंग्रह २०१३ साली निघाला. सारस्वत ब्राह्मणांच्या वर्चस्वावर त्यात आसूड ओढलेले होते. चार वर्षे त्याचा फारसा गवगवा झाला नाही. २०१७ मध्ये गोवा कोकणी अकादमीच्या पुरस्कारासाठी त्याची निवड झाल्याची वार्ता फुटली आणि रान पेटले. पुरस्कार बारगळले, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. कवी त्या वेळी अंथरुणास खिळलेला, उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हता. स्त्रियांविषयीच्या काही शब्दांवर आक्षेप घेण्यात आला. तो घेण्याचा अधिकार कोणासही आहे. एका जातीत जन्मलेल्या साऱ्यांस, त्यांतील पोटापुरते मिळविणाऱ्या कारकुनासही, एकाच सुतात ओवणे न्याय्य नव्हे, हेही आम्ही मान्य करतो. परंतु देवळांतील भेदभावाविषयी कवीस जे म्हणायचे होते ते खरे की खोटे, याची छाननी त्या गदारोळात किती झाली? महाजनकीचे नियम १९३३ चे, पोर्तुगीज अमदानीतले. अद्याप तेच लागू आहेत. गाभाऱ्यात कोणी जावे आणि पालखीस खांदा कोणी द्यावा, यावरून गावोगावी तंटे होतात. बोलण्याजोगे पुष्कळ होते.

ज्यांनी हा संग्रह डोक्यावर घेतला त्या बहुजन समाजासही एक विचारावेसे वाटते. उद्या त्यांच्यातीलच एखाद्याने जातीजातींमधील उतरंडीवर, आपल्याहून खालच्या पायरीवरील माणसास आपण कसे वागवितो यावर, तितक्याच तिखट शब्दांत लिहिले, तर टाळ्या पडतील काय? आम्हांस शंका आहे.

घरच्याचे कटू बोल ऐकून घेणे अशक्य मात्र नसते. देवदासी प्रथेच्या जाचातून गोमंतक मराठा समाज बाहेर आला, तो केवळ परक्यांच्या दयेने नव्हे. राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी स्वकीयांनाच सुनावले. शेंसविधी बंद व्हावा, मुलींची रीतसर लग्ने लागावीत, मुलांनी शिकावे, असा आग्रह धरला. दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलेले होते, तरी समाजाने यथावकाश ते मानले. पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्रास नाव दिले 'मी कोण?' लिहिणारा कोण, असे विचारणाऱ्यांनी ते एकदा चाळून पाहावे.

वाघ २०१९ मध्ये निवर्तले. त्यांच्या प्रतिपादनातील चुका दाखविणारा लेख कोणी लिहून पाठविला, तर आम्ही तो याच पानावर छापू. त्यात कवीच्या जातीचा उल्लेख नसावा, एवढीच अट.