मायफळाचे झाड अळणावरला का नको

बाळगुटीच्या डबीत हिरडा आणि मायफळ शेजारी असतात, सहाणेवर एकापाठोपाठ उगाळले जातात. त्यामुळे दोन्ही एकाच रानातून येतात, असे वाटणे साहजिक आहे. हिरडा खरोखरच कर्नाटकातल्या अळणावर-दांडेलीच्या रानातला. मायफळ, ज्याला कानडीत माचिकाई म्हणतात, ते मात्र इथले नाही आणि फळही नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराणच्या कोरड्या डोंगरउतारांवर ओकची एक बुटकी, झुडपासारखी वाढणारी जात आहे, ‘क्वेर्कस इन्फेक्टोरिया’. एक बारीक गांधीलमाशी तिच्या कोवळ्या डहाळीत अंडे घालते, झाड त्या अळीभोवती गाठ धरते, आणि ती वाळलेली गाठ म्हणजे आपले मायफळ. अळी आत असतानाच काढलेली गाठ जड, निळसर-हिरवी आणि तुरट द्रव्याने भरलेली असते. माशी भोक पाडून उडून गेली की ती फिकट आणि हलकी होते. चांगल्या गाठीत निम्म्याहून अधिक भाग टॅनिनचा असतो. कातडी कमावणे, रंगकाम आणि हिराकस घालून केलेली काळी शाई यांसाठी शतकानुशतके तिचा व्यापार चालला तो याचमुळे.

एवढे मोल असलेले झाड आपल्याकडेच का लावू नये, हा प्रश्न रास्त आहे. झाड लहान, निम-सदाहरित, म्हणजे सौम्य हिवाळ्यात पाने बरीचशी टिकवणारे. बांधावर शोभेल असे. पण त्याची सगळी घडण ज्या ऋतुचक्रात झाली, ते आपल्या ऋतुचक्राच्या नेमके उलटे आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मुळांना ओल मिळते ती थंडीत. अळणावर मलेनाड आणि धारवाडच्या मोकळ्या पठाराच्या सीमेवर आहे. जूनपासून महिनोन्‌महिने जमीन उबदार आणि भिजलेली राहते, आणि या प्रकारच्या ओकची मुळे कुजवणाऱ्या बुरशीला तेच हवे असते. सह्याद्रीत एकही देशी ओक नाही, हेही विसरता येत नाही. भारतातले ओक हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत. शिवाय दुकानातले मायफळ पेरून काही उगवत नाही, कारण ते बी नव्हे. खरे बी म्हणजे ओकचे बोंड, आणि ते वाळले की मरते. समजा, रोप आणून जगवलेच, तरी ती गांधीलमाशी कुठून आणणार? माशीवाचून मायफळ नाही, आणि परका कीटक मुद्दाम सोडण्याचा सल्ला कोणी जबाबदार माणूस देणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मिरची अमेरिकेतून आली आणि याच धारवाड जिल्ह्यात रुजली. सिल्व्हर ओकही बाहेरचाच. बरोबर. पण मिरची उष्ण मुलखातून आली, आणि सिल्व्हर ओक नावाने ओक असला तरी वेगळ्याच कुळातला, पूर्व ऑस्ट्रेलियातला. तिथे पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो. म्हणजे ही उदाहरणे माझ्या म्हणण्याला बळच देतात: झाड किती दुरून आले हे महत्त्वाचे नाही, ते कोणत्या पावसाचे आहे हे महत्त्वाचे आहे. आणि नुसते रुजणेही पुरेसे नसते. निलगिरी कर्नाटकात जोमाने वाढली, तरी २०१७ मध्ये सरकारला तिची नवी लागवड थांबवावी लागली.

तुरट द्रव्यच हवे असेल, तर हिरड्यात ते भरपूर आहे. सुती कापडाला रंग धरावा म्हणून रंगारी आजही हिरडा वापरतात. त्याला इथला पाऊस मानवतो, लाल माती चालते, आणि गांधीलमाशी लागत नाही. मायफळाइतके टॅनिन त्यात नसते, हे मान्य. पण हिरड्याचे फळ दरवर्षी झाडावरच लागते. दांडेलीचा रेल्वेफाटा अळणावरहून निघाला तो रानातले लाकूड बाहेर नेण्यासाठी. त्या रानाच्या कडेच्या बांधांवर, शाळांच्या आवारांत आणि रोपवाटिकांच्या यादीत आता पहिली जागा हिरड्याला मिळाली पाहिजे. मायफळ लागेल तेवढे काष्ठौषधीच्या दुकानातून घ्यावे.