नाव माँटेसरी, वर्गात घोकंपट्टी

पाटीवर ‘माँटेसरी’ आणि आत चार वर्षांच्या मुलांना दुरेघी वही, गृहपाठ, तोंडपाठ कविता, हे चित्र गल्लोगल्ली दिसते. ही मुलांची आणि पालकांचीही फसवणूक आहे. १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले, ते मुलांच्या हातांवर विश्वास ठेवून. त्यांच्या एका साधनात लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दट्टे बसवताना एक चुकला, तर शेवटी एक उरतो. मूल स्वतःच थांबते, न्याहाळते, पुन्हा मांडते. बाईंना ओरडावे लागत नाही. नेहमीच्या वर्गात हीच चूक चारचौघांत उघडी पडते आणि मूल हात वर करणेच सोडते.

साधने महाग पडतात, ही खर्चाची सबब तर नकोच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ सोबत होत्या. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची साधने. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत हे शिक्षण पोहोचले.

सहा वर्षांखालील मुलांच्या लेखी परीक्षा शाळांनी याच वर्षी बंद कराव्यात. पालकांनीही ‘लिहायला कधी शिकवणार?’ हा तगादा थांबवावा.