लघुरूपे लिहावीत का ?



हल्ली मोबाईलवर जो तो अर्धेच शब्द लिहितो. वाढदिवस असला की 'एचबीडी', सकाळ झाली की 'जीएम', आणि कुणी वारले तर 'भा. पू. श्र.' ! म्हणे भावपूर्ण श्रद्धांजली. तीन अक्षरांत कसला भाव पूर्ण होणार ? पण ते जाऊ द्या. मला लिहायचे आहे ते वाचणाऱ्याला कळते की नाही, याबद्दल.

मोठी माणसे म्हणतात, ही आजकालच्या पोरांची खोड आहे. ते काही खरे नाही. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रे आहेत. त्यांत वर 'ती.' म्हणजे तीर्थरूप, मग 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि खाली 'ता. क.' म्हणजे ताजा कलम. कार्डावर जागाच थोडी असते. तारेला तर शब्दागणिक पैसे पडत. (ती तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली.) मोबाईलच्या साध्या संदेशातसुद्धा एका वेळी इंग्रजीची 160 अक्षरे मावतात आणि आपल्या देवनागरीची 70च. काना-मात्राही त्यातच मोजतात ! म्हणून लोक शब्द तोडतात. फरक एवढाच, की पत्रातली ती रूपे सगळ्यांची ठरलेली होती. आता जो तो आपल्या मनाने तोडतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिले, "उद्या शा. सु." लिहिणाऱ्याच्या मनात होती सुट्टी. वाडीवरच्या एका आईने वाचले सुरू. तिने पहाटे उठून भाकरी केली आणि पोराला धाडले. तो भिजत, ओढा ओलांडून आला, तर दाराला कुलूप ! नंतर ती माउली म्हणाली, "मला वाटलं, बाकी समद्यांना कळलं असंल. इचारायची लाज वाटली." हे ऐकून फार वाईट वाटले. चूक तिची नव्हतीच, तरी लाजायची पाळी तिच्यावर आली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचेही तसेच. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा. ही लॅटिन भाषेतली रूपे आहेत. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच 'ओडी'चा अर्थ उजवा डोळा. आता आमच्या आजीने हे कसे ओळखावे ?

मी लघुरूपांच्या विरुद्ध नाही हं. गणितात आपण ल. सा. वि. आणि म. सा. वि. लिहितोच. पण गुरुजींनी आधी फळ्यावर पूर्ण लिहून दिले होते, लघुतम सामाईक विभाज्य आणि महत्तम सामाईक विभाजक. गंमत बघा, पहिल्यातला 'वि' विभाज्याचा आणि दुसऱ्यातला विभाजकाचा. पूर्ण लिहिले नसते तर अख्खा वर्ग गोंधळला असता.

तेव्हा माझे मत असे आहे, की आपसात गप्पा मारताना काय वाटेल ते तोडा. पण सुट्टी, सभा, लसीकरण, औषध, पैसे यांबद्दल लिहायचे असेल तर शब्द पुरा लिहावा. नुसते 'ता.' लिहिले तर ती तारीख की तालुका ? आणि पालकांनो, ग्रुपवर काही कळले नाही तर सरळ "म्हणजे काय ?" असे विचारा. लिहायला जमत नसेल तर आमच्या वर्गात या, आम्ही लिहून देऊ.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी