किल्ली एकाच खिशात नको

व्यापारी बंधूंनो, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा कापडाच्या धंद्यावर जी पाळी आली ती किराणावाल्यावर किंवा लोखंडवाल्यावर आली नव्हती. त्यांना विक्रीकराची आणि व्हॅटची सवय होती. कापड मात्र वर्षानुवर्षे विक्रीकराच्या बाहेर राहिले. आमचा हिशेब लाल वहीत, तोही बराचसा उर्दूत, आणि उरलेला मुनीमजींच्या डोक्यात. एका रात्रीत सांगण्यात आले की नोंदणी संगणकावर, रिटर्न संगणकावर, आणि बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक हवा. पुढे १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आले. मालेगावचा ग्रे कपडा प्रोसेससाठी पाली-बालोतऱ्याला जातो. म्हणजे ट्रक सुटण्यापूर्वी संगणकासमोर बसणे आलेच.

पन्नाशी गाठलेल्या, उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाने इंग्रजी पडद्यासमोर बसावे आणि मुलाच्या वयाच्या पोराला विचारावे, "बेटा, आता कुठे दाबू?" यात लाज वाटते. ही लाज मी स्वतः अनुभवली आहे. त्या लाजेपायी किती जणांनी आपला पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हवाली केला आणि मग नोटीस आल्यावर कपाळाला हात लावला, हे आपण सगळे जाणतो.

याच अडचणीतून आमच्या मोहल्ल्यात एक बैठक सुरू झाली. जुम्म्याला माग बंद असतात, म्हणून दिवस जुम्म्याचा आणि वेळ असरनंतरची. जागा एका कारखानदाराच्या गोदामावरची खोली. आम्ही नऊ जण होतो. शिकवणारा एक होतकरू तरुण, संगणक शिकलेला. ना फी, ना अध्यक्ष, ना फलक. चहा ज्याची पाळी त्याच्याकडून. टॅलीत खरेदी कशी टाकावी, एचएसएन कसा शोधावा, ई-वे बिलात ट्रकचा क्रमांक कुठे भरावा, हे सगळे तिथेच शिकलो. जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात पाठवताना तो पन्नास हजारांच्या आतला असला तरी ई-वे बिल लागते, ही गोष्टही मला तिथेच समजली. नाहीतर छोटा लॉट आहे, काय होते, असे म्हणून मी तो तसाच पाठवला असता.

दीड-पावणेदोन वर्षे हे उत्तम चालले. मग त्या तरुणाला आखातात नोकरी लागली. आम्ही आनंदाने निरोप दिला. पुढच्या जुम्म्याला बाराजण जिन्यावर उभे आणि दाराला कुलूप. किल्ली त्याच्याकडे राहिली होती. कुलूप तोडले तर संगणकाचा पासवर्ड त्याच्याकडे. कोणाला काय शिकवून झाले याची नोंद त्याच्या मोबाइलमध्ये. फोनवर त्याने सगळे सांगितलेही, पण तोवर दोन-तीन जुम्मे वाया गेले आणि माणसे पांगली ती पांगलीच.

दोष त्याचा होता काय? मुळीच नाही. दोष आमचा, आणि त्यात पहिला माझा. दर आठवड्याला मी त्याची पाठ थोपटत होतो, पण "बेटा, पुढचा जुम्मा मी घेतो, तू मागे बस" असे एकदाही म्हणालो नाही. स्वयंसेवकाची स्तुती करणे सोपे आहे. त्याचे ओझे वाटून घेणे अवघड आहे.

जुना अनुभव काय सांगतो?

एकमेकांना संगणक शिकवणाऱ्या अशा मंडळांचा इतिहास पन्नास वर्षांचा आहे, आणि आपण ज्या खड्ड्यात पडलो त्यात इतरही पडून गेले आहेत. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटार ठेवण्याच्या शेडमध्ये तीसेक माणसे जमली. त्यातून होमब्रू कॉम्प्युटर क्लब उभा राहिला. पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्यांपैकी स्टीव्ह वॉझ्नियाक याच क्लबात येत आणि आपल्या यंत्राचे आराखडे सभासदांना फुकट दाखवीत. हा क्लब १९८६ पर्यंत चालला.

त्यांची सभा चालवण्याची पद्धत आपण उचलावी अशी आहे. सभेचे संचालन ली फेल्झेनस्टाइन करीत. सभेचे दोन भाग असत. पहिल्या भागात लोक उठून थोडक्यात सांगत की माझ्याजवळ काय आहे आणि मला काय हवे आहे. दुसऱ्या भागात जागा सोडायची आणि आपल्या कामाचा माणूस गाठायचा. यात भाषण देणारा एक आणि ऐकणारे शंभर असा प्रकार नाही. ज्याच्याजवळ एक गोष्ट आहे तो तेवढ्यापुरता उस्ताद, आणि बाकीच्या गोष्टींत तोच शागीर्द.

उलट दिशेचे उदाहरण बोस्टनचे. तिथली कॉम्प्युटर सोसायटी १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलाने सुरू केली. ती वाढत वाढत तीस हजारांवर सभासदांपर्यंत गेली. कार्यालय आले, पगारी नोकर आले, खर्च आला. काळ बदलला, सभासद घटले, आणि १९९६ मध्ये ती बंद करावी लागली. मोठे होणे वाईट नाही. पण वर्गणी आटली की दिवा विझेल, इतका खर्च अंगावर घेऊन ठेवणे वाईट. आपल्याकडे मुंबई आणि पुण्यातही लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे फीशिवाय, परस्परांच्या मदतीवर चालली.

आम्ही काय बदलले?

आता आमची बैठक पुन्हा सुरू झाली आहे. या वेळी ठेचेतून शिकून काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. ज्या गावात अशी बैठक सुरू करायची असेल त्यांनी त्यांचा विचार करावा.

पहिली गोष्ट, प्रत्येक कामाला दोन माणसे. किल्ली दोघांकडे, पासवर्ड दोघांकडे, व्हॉट्सॲप ग्रुप चालवणारे दोघे. नोंद एका साध्या वहीत, आणि वही खोलीतच राहते. तीन महिन्यांनी दोघांपैकी एक बदलतो. त्यामुळे कोणी आखातात जावो की आजारी पडो, पुढचा जुम्मा चुकत नाही.

दुसरी गोष्ट, माऊस शिकणाऱ्याच्या हातात. मदत करणाऱ्याने बोटाने दाखवावे, स्वतः करून देऊ नये. "चाचा, तुम्हीच दाबा," असे आमची पोरे आता म्हणतात. वेळ लागतो, पण दुसऱ्याने भरून दिलेले रिटर्न पुढच्या महिन्यात पुन्हा दुसऱ्याच्याच दारात नेते. आणि पासवर्ड किंवा ओटीपी कोणी विचारायचा नाही, कोणी सांगायचा नाही. मदत करणाऱ्याच्या अब्रूसाठीही हा नियम आवश्यक आहे. उद्या काही चुकले तर बोट त्याच्याकडेच जाणार.

तिसरी गोष्ट, विकणाऱ्याला माइक नाही. मागे एका सॉफ्टवेअर विकणाऱ्याने चहा-समोसे दिले आणि आम्ही खूश झालो. त्या दिवशी शिकवणे बाजूला राहिले आणि सर्वांचे फोन नंबर मात्र त्याच्याकडे गेले. आता विकणारा येऊ शकतो, प्रश्नांची उत्तरे देऊ शकतो, पण हजेरीची वही त्याच्या हाती जात नाही.

चौथी गोष्ट, नवा माणूस. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात बसून घरी गेला तर परत येत नाही. म्हणून त्याच्या शेजारी एकाने बसायचे, एवढेच त्याचे त्या दिवसाचे काम. घरी भरतकाम आणि शिलाई करणाऱ्या भगिनींसाठी आम्ही वेगळी वेळ ठेवली. यूपीआयने पैसे खरोखर जमा झाले की कोणी नुसते चित्र दाखवून फसवले, हे ओळखण्याची गरज आपल्याइतकीच त्यांनाही आहे.

काही मित्र म्हणतात, आता सगळे यूट्यूबवर मिळते, मग बैठकीची कटकट कशाला? यात तथ्य नाही असे नाही. मीही व्हिडिओ पाहतो. परंतु व्हिडिओला माझा पडदा दिसत नाही, माझी चूक कुठे झाली ते तो सांगत नाही. शिवाय नियम बदलतच राहतात. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. ज्यांनी आधी केले होते त्यांनी शेजाऱ्याला शेजारी बसून दाखवले आणि काम एका संध्याकाळी झाले.

दुसरे काही म्हणतात, संस्था नोंदवा, पदाधिकारी नेमा, सत्कार ठेवा. माझे मत विरुद्ध आहे. पद आले की पदासाठी भांडण येते, आणि भांडण आले की शिकणारा घरी बसतो. चार खुर्च्या, एक संगणक, चहाचा हिशेब भिंतीवर लिहिलेला, एवढ्यावर काम भागते.

बंधूंनो, आपल्या धंद्यात ताण्याचा एक धागा तुटला तर आपण माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. एका धाग्यावर कोणी थान विणत नाही. मग बैठक एका माणसावर का विणावी? तुमच्या गावात अशी बैठक चालू असेल तर येत्या जुम्म्याला तिथे जा आणि एकच प्रश्न विचारा: दुसरी किल्ली कोणाकडे आहे? कोणाकडेच नसेल, तर ती तुम्ही मागून घ्या.