शी धरून ठेवणारं मूल

यावेळचा विषय जेवताना वाचण्यासारखा नाही. पण घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर नंतर जरूर वाचा.

आमच्या जैनाबादला पूर्वी हा प्रश्नच नव्हता, असं आजी सांगते. पाय पसरून बाळाला पायांवर बसवायचं, तोंडाने ‘शूऽऽ’ करायचं, की झालं. खरं आहे. पण तेव्हा घरात लक्ष ठेवायला चार बायका असत आणि मूल परसात मोकळ्यावर बसे. आता घरोघरी संडास आहे, नळ आहे (2022 मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला, हे अभिमानाने सांगतो!), आणि घरातली दोन्ही मोठी माणसं लॅपटॉपसमोर. त्यामुळे डायपर आलाच.

आमची लेक अडीच वर्षांची झाल्यावर शू आठ दिवसांत सांगू लागली. शी मात्र नाही. पडद्यामागे जायची, पाय घट्ट जुळवून टाचा उचलायची, चेहरा लालबुंद. आत्या म्हणाली, “हट्टी आहे, बापावर गेलीय.” आई म्हणाली, “कुंथतेय बिचारी.” मी इंजिनिअरच्या सवयीने दोन आठवडे तक्ता ठेवला: शी कधी, कशी, दूध किती. तीन-तीन दिवसांचं अंतर आणि प्रत्येक वेळी खडा. तो तक्ता घेऊनच आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी पोट चाचपलं आणि सांगितलं की ती कुंथत नाही, धरून ठेवतेय. एकदा दुखलं की मूल शी रोखतं. रोखलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. बाहेर पडायची अट न लिहिलेला लूपच हा. म्हणून पहिला सल्ला होता, शिकवणं थांबवा. डायपर मागितला तर द्या. आधी दुखणं थांबू द्या.

औषध म्हणजे पाण्यात मिसळायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते. मात्रा वजनानुसार डॉक्टरच ठरवतात आणि ती काही महिने चालते. चार दिवस बरं वाटलं म्हणून बंद केलं, की पुन्हा पहिल्यापासून, कारण ताणलेल्या आतड्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. एरंडेल आणि साबणाची कांडी नको, हे त्यांनी आजीकडे बघूनच सांगितलं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणलं. केळी आमच्याकडे काय, दारातच. पण नुसत्या केळ्यांनी हे सुटत नाही.

दुखणं थांबल्यावर जेवणानंतर पाच मिनिटं बसवायला लागलो, कारण पोटात अन्न गेलं की आतडं हलतं. कमोडवर पाय लोंबकळले तर जोर लागत नाही, म्हणून पायाखाली पाट. शाबासकी बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही. रोज मावा जिलबीचं आमिष तर मुळीच नाही.

आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी शी, रक्त, रोजचं रडणं, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. चड्डीला सतत डाग लागत असतील तर त्याला जुलाब समजू नका. अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपत असू शकते. चार वर्षं उलटूनही जमत नसेल तरी दाखवा. शू करताना जळजळ, ताप, थेंबथेंब शू, किंवा कित्येक महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं आणि तहानही फार लागतेय, तर लगेच जा. यातल्या शेवटच्या लक्षणात साखर तपासावी लागते. पोट फुगून उलट्या होत असतील किंवा पायांत अशक्तपणा दिसला, तर त्याच दिवशी. पाच वर्षांपर्यंत रात्री गादी ओली होणं मात्र नेहमीचंच.

आणि जन्मानंतरची पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, असं आठवत असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.