पदपथावरील लोखंडी खुंट

अपंगांच्या सोयीसाठीं पदपथ सुधारावे असा विषय निघाला कीं एक आक्षेप हटकून पुढें येतो. चाकांच्या खुर्चींतून फिरणारे लोक रस्त्यावर आम्हांस दिसतच नाहींत. मग मूठभरांसाठीं एवढा खर्च कशाला? विहिरीवर झांकण ठोकावें आणि कोणी पाणी भरीत नाहीं म्हणून विहीरच निरुपयोगी ठरवावी, त्यांतलाच हा तर्क. २०११ च्या जनगणनेंत देशांतील अपंगांची संख्या २ कोटि ६८ लाख भरली. हे लोक रस्त्यावर दिसत नाहींत, कारण रस्त्यानेंच त्यांस घरीं बसविलें आहे.

कायदा नव्हता असेंही म्हणण्याची सोय नाहीं. पदपथांना उतार, सिग्नलला आवाज आणि रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवर अंधांच्या पायांस कळेल असें खोदकाम, हें सर्व १९९५ सालच्या कायद्यांतच सांगितलें होतें. मात्र त्या कलमास आर्थिक कुवतीच्या मर्यादेची पुस्ती जोडलेली होती, आणि नगरपालिकांनीं कलम विसरून पुस्ती तेवढी पाठ केली. पुढें २०१६ चा कायदा आला. त्याखालील नियमानें सुगमतेचे निकष केवळ शिफारशींसारखे ठेवले, ते बंधनकारक करा, असें सर्वोच्च न्यायालयास नोव्हेंबर २०२४ मध्यें सांगावें लागलें. मधल्या काळांत शासनानें अपंगांस ‘दिव्यांग’ हें नांव दिलें. नांव देण्यास सिमेंट लागत नाहीं.

जेथें सिमेंट लागलें तेथें तरी काय झालें? पदपथावरची ती पिवळी, उंचवट्यांची फरशी वाचकांनीं पाहिली असेल. १९६५ सालीं सेइइची मियाके या जपानी गृहस्थानें ती योजिली, आणि १९६७ मध्यें ओकायामा येथील अंधशाळेजवळ ती प्रथम बसली. तिची भाषा साधी आहे: लांबट पट्ट्या म्हणजे पुढें चल, गोल टिंबें म्हणजे थांब. आमच्याकडे ती नक्षी म्हणून बसवितात. विजेच्या पेटीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर नेऊन आदळणारी अशी पिवळी वाट आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिली आहे.

परंतु सगळा दोष नगरपालिकेच्या पदरीं घालून आमच्या वाचकांस मोकळें होतां येणार नाहीं. पुण्यांत कित्येक पदपथांच्या तोंडाशीं लोखंडी खुंट रोवलेले आहेत. अधिकारी त्यांस बोलार्ड म्हणतात. ते कशासाठीं? स्कूटरी वर चढूं नयेत म्हणून. आणि स्कूटर वर चढवितो कोण? कोणी दरोडेखोर नव्हे. क्लासला उशीर झालेला आपला मुलगा, मंडईंतून परतणारे आपले शेजारी, अशी ही सभ्य मंडळी आहेत. आतां स्कूटरच्या हँडलची रुंदी आणि चाकांच्या खुर्चीची रुंदी जवळजवळ सारखीच, सुमारें दोन-सव्वादोन फूट. जी फट स्कूटरला अडवील ती खुर्चीलाही अडविणारच. लोखंडाला माणूस पाहून वाट देतां येत नाहीं. गुन्हा स्कूटरवाल्याचा आणि शिक्षा खुर्चींतल्या माणसास, असा हा न्याय आहे.

फाटकांचेंही तसेंच. आपली मोटार सुरळीत आंत यावी म्हणून प्रत्येक सोसायटी आपल्यापुरता पदपथ कापून घेते, आणि फाटक संपतांच पुन्हां पायरी. भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें पदपथाची कड १५० मिलिमीटरांहून, म्हणजे सुमारें सहा इंचांहून, उंच नसावी. बारास एक या प्रमाणानें तिला सहा फुटांचा उतार पुरतो. तेवढा उतार खुर्चीसाठीं करण्यास पैसा नाहीं म्हणतात. मोटारीसाठीं उतार करतांना मात्र कोणाची आर्थिक कुवत कमी पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

खुंटांमध्यें निदान तीन फुटांची फट ठेवावी आणि तींतून जी स्कूटर शिरेल तिला जबर दंड करावा, अशी आमची मागणी आहे. दंडाच्या पावत्या बहुतकरून आपल्याच आळींत येतील. त्या वेळीं कोणी ओळखीच्या नगरसेवकाकडे धांव घेऊं नये, एवढें वाचकांनीं आजच ठरवून ठेवावें.